डोक्यावरून कान

नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्हा शिक्षकांना जालन्याला एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे पाठवलं. आपण होऊन कोण जातंय? पुण्याहून एक पोरगेला तज्ज्ञ आला होता. त्याच्यासोबत माणसाच्या कमरेएवढा निळा चेंडू, कापडी बोगदा आणि रंगीत गाद्या आल्या होत्या. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्वमग्न मुलांचा खेळातून शारीरिक विकास'. मग आम्हा पन्नाशी उलटलेल्या बायांना त्यानं नऊवारी-सहावारीसकट त्या बोगद्यातून रांगायला लावलं. काही जणी रांगल्या, खिदळल्या, मोबाइलवर फोटो काढून घेतले. चहाबरोबर बिस्किटं होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

"मऊ जागेवर उड्या मारल्या की मुलाला आपलं शरीर कुठं सुरू होतं, कुठं संपतं ते कळायला लागतं," तो गळ्यातल्या माइकमध्ये सांगत होता. जणू कालच त्याला हे स्वप्नात दिसलं होतं. मी मागच्या बाकावर नाक मुरडून बसले होते. पोरगा बोलत होता ते खरं होतं, राग त्याचाच होता. खोटं बोलला असता तर मला मजेत डुलकी लागली असती.

मग त्यानं विचारलं, "असं मूल ज्यांनी अगदी जवळून पाहिलंय त्यांनी हात वर करा."

दोन-तीन हात वर गेले. माझे दोन्ही हात मांडीखाली होते आणि मी त्या निळ्या चेंडूकडे बघत होते.

आम्ही भोकरदनकडच्या एका खेड्यातले. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचो. वडील गावच्या शाळेत पहिलीचे शिक्षक. आमच्या बौद्धवाड्यातले ते पहिले शिकलेले, पहिले नोकरदार, आणि हे पहिलेपण त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्यासारखं आयुष्यभर जपलं. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना गाव 'गुरुजी' म्हणायचं, वडिलांना 'मास्तर'. हा फरक त्यांना कळत होता, पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे अधिकाधिक शुद्ध बोलणं. घरात आई 'न्हाई' म्हणाली की ते भाकरी मोडता मोडता 'नाही' म्हणून दुरुस्त करायचे. आई दुरुस्त झाली नाही. आम्ही तिला माय म्हणायचो, त्यांना बाबा.

माझ्या पाठची बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे आणि तिला तेवढंच पुरे होतं, कारण कुठल्याच हाकेला ती वळून बघत नव्हती. ती टाचा टेकत नसे, चवड्यांवर चालायची. पळायला लागली तर हात अंगाला चिकटलेले, मग पडली की पोतं पडल्यासारखी पडायची, हात पुढे करून सावरायचं तिला सुचतच नसे. उडी कशाशी खातात ते तिला ठाऊक नव्हतं. दाराचा उंबरठा आला की थांबायची, बसायची आणि घसरत पलीकडे जायची. हात तर तिनं खांद्याच्या वर कधी नेलेच नव्हते. माय तिला समोरून गुंड्या असलेले झगे शिवायची, कारण डोक्यावरून झगा घालायचा म्हणजे सकाळ त्यातच जायची. दिवसभर ती घराच्या मधल्या खांबाभोवती फिरायची. एका हातानं खांब धरायचा आणि गोल, गोल, गोल. त्यात मात्र कधी पडली नाही.

स्वमग्न हा शब्द तेव्हा आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेला नव्हता. जे शब्द होते ते गावानं सढळ हातानं वापरले. वेडी, येडपट, बाहेरची बाधा. माझी आत्या केदारखेड्याहून यायची, धाकटीकडे बघून सुस्कारा टाकायची आणि दोन भाकरी जास्त खाऊन जायची. जालन्याच्या डॉक्टरनं तिच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, लाल औषधाची बाटली दिली आणि 'येईल वयाबरोबर' म्हणाला. काय येईल ते काही त्यानं सांगितलं नाही.

धाकटी सहा वर्षांची झाली त्या जूनमध्ये माय बाबांना म्हणाली, "आवंदा तिचं नाव घाला शाळेत."

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "तिचा हात पोचत नाही," ते म्हणाले.

हा हात काय ते सांगायला हवं. त्या काळी खेड्यात जन्मतारीख कुणाकडे नसायची. पोरगं शाळेत आणलं की शिक्षक त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं, शाळेत घ्यायचं. नाही लागली की पुढच्या वर्षी. हात लागलेल्या सगळ्यांची जन्मतारीख रजिस्टरात एक जून. सगळं गाव एक जूनला जन्मलेलं. बाबा दरवर्षी पहिल्या वर्गाच्या ओसरीत खुर्ची टाकून हेच करायचे, आणि गाव त्यांच्यासमोर आपापली पोरं घेऊन रांगेत उभं राहायचं. वर्षातून तेवढा एकच दिवस गावाला मास्तरांची गरज पडायची, आणि त्या दिवशी बाबांचा सदरा जास्तच पांढरा असायचा.

आता ध्यानात घ्या. धाकटीच्या जन्माची तारीख, वार, वेळ बाबांच्या डायरीत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेली होती. साऱ्या गावात हात मोजायची गरज नसलेली पोरं दोनच, एक मी आणि एक ती. पण मायला वाचता येत नव्हतं. मास्तर म्हणाले हात पोचत नाही, म्हणजे हात आखूड. मायनं ते तसंच्या तसं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं धाकटीचा हात लांबवायला घेतला. सकाळी मजुरीला जायच्या आधी करडईचं तेल कोमट करायची, खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायची आणि मग मनगट धरून ओढायची. धाकटी किंचाळायची. माय रडायची आणि ओढायची. "हात वाढला म्हंजी शाळेत घेतील माय, उगं राह्य जरा," असं म्हणत ओढायची. बाबा तेव्हा ओसरीवर आरशात बघून भांग पाडत असायचे. त्यांनी एक शब्द बोलायचा होता की हात आखूड नाही. नाही बोलले. आठ-नऊ महिने ते रोज भांग पाडून शाळेत गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पुढं जे काही राहिलं नाही, ते त्या आरशासमोर गेलं.

मी दहा वर्षांची होते, शाळेत पहिल्या नंबरची, आणि त्याचा मला भारी ताठा होता. मी सुतळी घेऊन धाकटीचा हात मोजला. मग वाड्यातल्या दोघी-तिघींचे मोजले, ज्या पहिलीत होत्या. धाकटीचा हात त्यांच्याइतकाच होता, एकीपेक्षा तर बोटभर जास्तच. आखूड नव्हता, तो वर जात नव्हता एवढंच. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला जास्ती कळतं का तुझ्या बापापरीस?"

दिवाळीनंतर पाटलाकडे कापूस यायला लागला. बाया वेचायच्या, ढीग पाटलाच्या कोठ्यात पडायचा, आणि गाडी भरायची वेळ आली की आमच्या वाड्यातल्या पोरांना तुडवायला बोलावणं यायचं. बैलगाडीला चारी बाजूंनी उंच तट्टे बांधायचे, आत कापूस टाकायचा आणि पोरांनी तो नाचून नाचून दाबायचा, म्हणजे एका गाडीत दीड गाडीचा माल मावतो. पाटील खाली उभा राहून ओरडायचा, "जल्दी जल्दी तुडवा रे, गाडी बराबर भरली पाह्यजे." आम्हाला तहान लागली की पाटलीण वरून ओंजळीत पाणी ओतायची, तांब्याला हात लावू द्यायची नाही. आमच्या पायांनी तुडवलेला कापूस त्यांना चालत होता. त्याच कापसाच्या गाद्यांवर ते झोपायचे आणि त्यांना झोपही चांगली लागायची.

मायनं एक दिवस धाकटीला माझ्या गळ्यात मारली आणि मी तिला गाडीत घेतलं. तिला वर चढवायला दोघी लागल्या. आत सोडली तर ती कमरेपर्यंत रुतली आणि थिजून उभी राहिली. मला वाटलं आता किंचाळणार. पण तिनं एक पाय उपसला. उपसायचा म्हणजे गुडघा पोटाशी आणावा लागतो, आणि आणल्याशिवाय सुटका नव्हती. मग दुसरा. मग ती पडली, आणि पडूनही काही लागलं नाही याचं तिला नवल वाटलं असावं, कारण ती पुन्हा मुद्दाम पडली. चौथ्या-पाचव्यांदा ती हसली. सहा वर्षांत तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, तोंड वर करून. पाटील खालून म्हणाला, "ते येडं बी कामाचं हाये की." बाकीचे हसले. मीही हसले, हे सांगायला हवं.

त्यानंतर मी तिला रोज नेली. महिन्याभरात ती दोन्ही पाय जुळवून उडी मारायला लागली. चवड्यांवर चालणारी पोर कापसात टाच रोवायला शिकली, कारण चवड्यावर उभं राहिलं की ती आणखी खोल जायची. कुणी शिकवलं नाही, कापूसच तसा होता. आणि एक दिवस खेळता खेळता मी कापसाचा पुंजका तिच्या डोक्यावर फेकला. केसात काही अडकलेलं तिला सहन होत नसे, विंचरायचं म्हटलं तरी घर डोक्यावर घ्यायची. ती थांबली, तोंड वाकडं केलं आणि तिचा उजवा हात वर गेला. खांद्याच्या वर. डोक्यावर. पुंजका काढून तिनं फेकून दिला.

हवेत उडणाऱ्या कापसाला आम्ही पोरं म्हातारी म्हणायचो. मी ओरडले, "म्हातारी बसली!" आणि दुसरा पुंजका टाकला. पुन्हा हात वर.

मग मी त्याचा खेळच मांडला. तिचा डावा हात माझ्या हातात धरायचा, फुगडीला धरतात तसा, आणि म्हणायचं, "धाकटे, म्हातारी बसली." पहिले काही दिवस म्हातारी टाळूवर बसली. मग दोन बोटं खाली, डाव्या बाजूला. मग आणखी दोन बोटं. हात टाळूवर यायचा, तिथं काही सापडायचं नाही, मग चाचपत खाली उतरायचा. घाई केली की सगळं फिसकटायचं, हात पुढून गालावरून यायला लागायचा. तसं झालं की मी पुन्हा टाळूपासून सुरुवात करायची. मला एवढा दम कुठून आला ठाऊक नाही. बाकी कुठल्याच बाबतीत माझ्यात तो नव्हता, पुढं शिक्षक झाल्यावर तर मुळीच नव्हता.

कापसाचा हंगाम सरला, शेवटची गाडी सरकी काढायला जिनिंगला गेली. आता पुंजके कुठून आणायचे? मी बाबांची उशी उसवली. रोज थोडा थोडा कापूस काढायची आणि पुन्हा टाका घालायची. आठवड्याभरात मायनं मला पकडलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. मी मार खात म्हणाले, "थांब, दाखवते." धाकटीचा डावा हात धरला, कानाच्या पाळीवर कापूस ठेवला. "म्हातारी बसली." उजवा हात वर गेला, टाळूवरून पलीकडे उतरला आणि बोटांनी कान धरला. नुसता कान नाही, सगळी पाळी मुठीत.

मायनं तो हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपून पाहिला. मग म्हणाली, "हात तर बराबर लांब हाये की गं."

तेलाची वाटी त्या दिवसापासून बंद झाली. माय स्वतः उशीतून कापूस काढून द्यायला लागली. उन्हाळ्यापर्यंत कापूस ठेवायचीही गरज उरली नाही, नुसतं 'म्हातारी बसली' म्हटलं की हात कानावर. फक्त एक होतं, म्हातारी सापडेपर्यंत ती हात काढायची नाही. उंबरठाही ती आता पाय उचलून ओलांडायची. बाबा हे सगळं बघत होते, ओसरीत वर्तमानपत्राच्या आडून. एकदा म्हणाले, "ही उशी पातळ का झाली?" माय म्हणाली, "झाली." पुढं त्यांनी काही विचारलं नाही. कशासाठी पातळ झाली ते त्यांना पक्कं माहीत होतं. रोज त्याच उशीवर झोपत होते.

जून आला. मायनं धाकटीला नवा झगा शिवला, डोक्यावरून घालायचा. झग्याला कमरेशी रिबीन बांधली. ती स्वतः शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली थांबली, आत यायला लाजली. मी धाकटीला घेऊन रांगेत उभी राहिले. शाळेच्या ओसरीला उंच पायरी होती. धाकटीनं गुडघा उचलला आणि ती चढली. तिथं पन्नास माणसं होती, एकानंही पाहिलं नाही. कुणाला त्यात पाहण्यासारखं काय वाटणार?

बाबा खुर्चीत. शेजारी मुख्याध्यापक, पलीकडे पाटील, त्याचा नातू आणला होता. आमची पाळी आली तेव्हा बाबांनी धाकटीकडे गावातल्या कुठल्याही पोरीकडे बघावं तसं बघितलं.

"उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर," ते म्हणाले. प्रत्येक शब्द स्वच्छ, सुटा.

धाकटी खिडकीचे गज बघत होती.

त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, ही तुमचीच ना? ऐकू येतं ना तिला?"

"येतं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द हवे होते. ते दोन शब्द त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते. पण मुख्याध्यापकांसमोर, पाटलासमोर, शुद्ध बोलणाऱ्या मास्तरांनी 'म्हातारी बसली' कसं म्हणायचं? त्यांचं ते आयुष्यभराचं पांढरंशुभ्र पहिलेपण तिथल्या तिथं मळलं असतं. आणि मी? माझ्या मागं माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी पहिल्या नंबरची, मास्तरांची हुशार मुलगी. मी जमिनीकडे पाहिलं.

"हात पोचत नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढचा पाटलाचा नातू. त्याची बोटं कानाच्या दोन बोटं वरच अडली. बाबांनी मान डोलावली आणि रजिस्टरात लिहिलं, एक जून.

फाटकाशी मायनं विचारलं, "घेतलं का?"

"न्हाई."

"हात न्हाई पोचला?"

"न्हाई पोचला म्हनले."

मायनं माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिचे खांदे धरून तिनं तिला शाळेकडे तोंड करून उभी केली आणि साध्या आवाजात म्हणाली, "धाकटे, म्हातारी बसली."

हात वर गेला. टाळूवरून पलीकडे उतरला, कान मुठीत आला. म्हातारी काही सापडेना, म्हणून तिनं तो तसाच धरून ठेवला. ओसरीवरची माणसं बघायला लागली, पोरं हसायला लागली. बाबांनी मान वर करून पाहिलं. चांगलं नीट पाहिलं. मग मान खाली घातली आणि पुढच्या पोराला हाक मारली. धाकटी घरापर्यंत कान धरून आली.

पुढच्या वर्षी मायनं तिला नेलं नाही, त्यानंतरही नाही. सगळ्या गावाच्या खोट्या तारखा शाळेच्या रजिस्टरात लागल्या, जिची खरी होती तिचीच कुठं लागली नाही. धाकटी बत्तीस वर्षं जगली. दर हंगामाला कापसात उड्या मारायची, थोराड बाई झाली तरी, आणि पाटलाची माणसं हसायची. आमच्याकडे तज्ज्ञ आला नाही, निळा चेंडू आला नाही. आला असता तरी बाबांनी त्याच्याशी शुद्ध मराठीत दोन वाक्यं बोलून त्याला वाटेला लावलं असतं.

त्या जूनमध्ये मायनं सगळ्या उशा उसवल्या, कापूस पिंजून घेतला आणि पुन्हा भरल्या. धाकटीची भरली, माझी भरली, स्वतःची भरली. बाबांची भरली नाही. नुसती खोळ धुऊन अंथरुणावर ठेवली. पुढची वीसेक वर्षं, मरेपर्यंत, बाबा त्या चपट्या खोळीवर डोकं ठेवून झोपले आणि त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही.

त्या दिवशी शाळेच्या ओसरीत मीही गप्प उभी होते, हे मायला मी कधीच सांगितलं नाही. माझी उशी ती दरवर्षी भरत राहिली.